शनिवारची पोटदुखी

सोमवारच्या पोटदुखीशी माझा जुना परिचय आहे. म्हापशातील माझ्या दवाखान्यात गेली सत्तावीस वर्षे ती नियमाने येते. शाळेच्या गणवेशात येते, आईचा हात धरून येते आणि शाळेची घंटा होऊन गेली की कोणतेही औषध न घेता बरी होते. गेल्या वर्षीच्या जानेवारीत मात्र माझ्यासमोर अकरा वर्षांची एक मुलगी बसली होती, जिचे पोट सोमवारी मुळीच दुखत नसे. ते दुखे शनिवारी, दुपारच्या जेवणाच्या वेळी. रविवारी पुन्हा थोडेसे. सोमवारी ती आनंदाने शाळेत जाई.

हे वारांचे गणित पहिल्याच भेटीत माझ्या ध्यानात आले असे सांगता आले असते, तर मला आवडले असते. तसे झाले नाही. पहिल्या भेटीत मी जंताचे औषध दिले. दुसऱ्या भेटीत लघवीची तपासणी आणि पोटाची सोनोग्राफी करून घेतली. दोन्ही निर्दोष निघाल्या. तिसऱ्या भेटीत, कागद चाळता चाळता, मी विचारले, "शनिवारी दुपारी काय असते?"

"तीन वाजता मोरजीला तिचा काइटबोर्डिंगचा वर्ग असतो," आई म्हणाली. मुलगी माझ्या टेबलावरच्या रक्तदाबाच्या यंत्राकडे पाहत राहिली.

मी तिला हात पुढे करायला सांगितले. दोन्ही तळव्यांवर, बोटांच्या मुळाशी, फोड येऊन सुकल्याच्या खुणा होत्या. कोपराखालचे स्नायू हलकेच दाबले तरी ती कळवळली. या खुणांचा अर्थ मला त्या दिवशी लागला नाही. तो पुढे लागला.

या कुटुंबाच्या संमतीने मी हे लिहीत आहे, आणि नावे मुद्दाम देत नाही.

काइटबोर्डिंग ज्यांनी पाहिलेले नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पाय अडकवण्यासाठी पट्ट्या असलेली एक फळी, कमरेला भक्कम पट्टा, आणि त्या पट्ट्याला वीस-चोवीस मीटर लांबीच्या दोऱ्यांनी जोडलेला काही चौरस मीटरचा पतंग. वारा पतंगाला ओढतो, पतंग माणसाला, आणि माणूस फळीवरून पाण्यावर घसरत जातो. पतंगाच्या पुढच्या कडेला हवा भरलेली नळी असते. त्यामुळे तो पाण्यात पडला तरी बुडत नाही आणि पाण्यातूनच पुन्हा उडवता येतो. ही युक्ती फ्रान्समधील ब्रुनो आणि दोमिनिक लेगेन्यू या भावांची. त्यांनी १९८४ साली तिचे पेटंट घेतले. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये या खेळाचा प्रथमच समावेश झाला आणि त्याच्या शर्यती मार्सेच्या समुद्रात झाल्या. आपल्याकडे मोरजी, आश्वे, मांद्रे या किनाऱ्यांवर थंडी ओसरू लागल्यापासून मे महिन्यापर्यंत, दुपारनंतर वायव्येकडून खारे वारे सुटले की हे पतंग आकाशात दिसू लागतात. त्यांच्या पाठोपाठ माझ्याकडे आईवडील येतात, मुलांसाठी 'फिटनेस सर्टिफिकेट' मागायला. या लेखाचे निमित्त तेही आहे.

या खेळाच्या शिक्षणात एक उंच उंबरठा आहे. त्याला वॉटर स्टार्ट म्हणतात, म्हणजे पाण्यात पडलेल्या स्थितीतून पतंगाच्या ओढीने फळीवर उभे राहणे. त्याआधीच्या पायऱ्या मुले हसतखेळत चढतात. वाळूवर लहान पतंग हाताळणे झाले, फळीशिवाय पाण्यातून ओढले जाणे झाले (हे तर मुलांना सर्वांत आवडते), पडलेला पतंग पुन्हा वर चढवणे झाले. मग पायाला फळी लागते आणि आठवडेच्या आठवडे मूल उठत नाही. आईवडिलांचा धीर सुटतो तो येथे.

मी स्वतः या फळीवर कधी उभी राहिलेली नाही. तेव्हा पुढील वर्णन मी त्या मुलीच्या प्रशिक्षकाकडून, त्याला बरेच प्रश्न विचारून, समजून घेतले आहे. हा तरुण मांद्र्याचा, रापणकारांच्या घरातला. वारा आणि पाणी यांविषयी तो जे बोलतो ते पुस्तकातले नसते.

मूल पाण्यात पाठीवर रेलते. तोंड वारा जिकडे वाहतो तिकडे, फळी वाऱ्याला आडवी, गुडघे छातीजवळ, टाचा बुडाजवळ. पतंग डोक्यावर, घड्याळातील बाराच्या जागी. आपल्याकडे बारा वाजणे चांगले नाही, परंतु पाण्यात शिकणाऱ्या मुलाच्या पतंगासाठी ती सर्वांत शांत जागा आहे. तेथे ओढ कमी असते. (वाळूवर उभे असताना मात्र पतंग तेथे धरून ठेवू नये, अचानक झोत आला तर तो माणसाला उचलतो.) मुलाला उजवीकडे जायचे असेल तर पतंग आधी किंचित डावीकडे, अकराच्या जागी, न्यायचा आणि तेथून ठामपणे एक-दोनच्या दिशेने खाली झेपावू द्यायचा. या झेपेत ओढ निर्माण होते. ती ओढ कमरेच्या पट्ट्याला लागते आणि शरीर वर येऊ लागते. मुलाने त्या क्षणी करायचे ते एवढेच, की गुडघे वाकलेले ठेवून फळीवर वजन येऊ द्यायचे, पुढचा पाय हळूहळू लांबवत फळीचे टोक पतंगाच्या दिशेला वळू द्यायचे, आणि हात सैल ठेवायचे.

हात सैल ठेवायचे, ही यातली सर्वांत अवघड गोष्ट. कारण घाबरलेले मूल हातातली दांडी घट्ट पकडते आणि स्वतःकडे ओढते. आपणही जिना चढताना तोल गेला तर कठडा असाच ओढतो. परंतु ही दांडी म्हणजे कठडा नव्हे. ती जवळ ओढली की पतंगाची ओढ वाढते, मूल फळीवरून पुढे भिरकावले जाते आणि तोंडावर आपटते. तशीच ओढून धरली तर पतंगाचा तोल जाऊन तो मागे पडू लागतो. दांडी दूर जाऊ दिली, तर पतंग शांत होतो. लहानपणी ज्यांनी संक्रांतीला गच्चीवर पतंग उडवले असतील, त्यांना ढील देणे म्हणजे काय हे सांगावे लागणार नाही.

आता त्या तळव्यांचा अर्थ वाचकांच्या ध्यानात आला असेल. या खेळात सगळा भार कमरेच्या पट्ट्याने घ्यायचा असतो. ज्या मुलाच्या तळव्यांना फोड येतात आणि कोपराखालचे स्नायू दुखतात, ते मूल हातांनी लोंबकळत आहे. ते दांडीला जीव मुठीत धरून चिकटले आहे. माझ्यासमोर ते दुखणे आणि पोटाचे दुखणे शेजारी शेजारी होते, आणि दोन्हींचा उगम एक होता.

एका रविवारी मी मोरजीला गेले. शापोरा नदीच्या मुखाजवळचा तो किनारा सुंदर आहे. त्याचा काही भाग समुद्री कासवांच्या अंड्यांसाठी राखलेला असतो. तेथे पतंग पसरू नयेत, हे जाता जाता सांगते. सुरूच्या सावलीत बसून मी पाहत होते. मुलगी कमरेएवढ्या पाण्यात, प्रशिक्षक तिच्या बाजूला, आणि वडील पाण्याच्या कडेला उभे. एका हातात मोबाईल, चित्रीकरण चालू. दुसरा हात दर वेळी वर जात होता. "ऊठ! आता ऊठ!" खारा वारा समुद्राकडून येत असल्यामुळे त्यांचे शब्द तिच्यापर्यंत पोहोचत नव्हते, दिसत होता तो केवळ वर जाणारा हात. आणि मुलगी पतंगाच्या ओढीवर नव्हे, त्या हातावर उठत होती. पतंग झेपावून ओढ येण्याच्या आधी ती पाय ताठ करी, फळी पाण्यावर थबके आणि ती मागे बसे. किंवा दांडी ओढून तोंडावर पडे. पाऊण तासात मी अकरा वेळा हे पाहिले. दर वेळी पाण्यातून डोके वर आले की ती पहिल्यांदा पतंगाकडे पाहत नसे, किनाऱ्याकडे पाही.

वडील वाईट गृहस्थ नव्हेत. पुण्याहून येथे स्थायिक झालेले, मुलीवर जीव असलेले, शनिवार-रविवार स्वतःचे सर्व बेत बाजूला ठेवून तिला घेऊन येणारे. मला पाहताच त्यांनी विचारले, "डॉक्टर, हिला मोठा पतंग द्यायला सांगू का? ओढ कमी पडत असेल." या प्रश्नाचे उत्तर सर्व पालकांनी लक्षात ठेवावे असे आहे. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. वारा १० नॉटवरून २० नॉटवर गेला, तर ओढ दुप्पट नव्हे, चौपट होते. दुपारी अडीच वाजता बेताचा वाटणारा पतंग साडेचार वाजता तेहतीस किलोच्या मुलीसाठी दांडगा ठरू शकतो. मूल उठत नाही, याचे कारण बहुधा पतंग लहान असणे हे नसते. त्याची झेप भितभित दिलेली असते, किंवा मूल घाई करते. पतंग मोठा केल्याने घाई कमी होत नाही.

त्या दिवशी मी वडिलांना काही बोलले नाही. पुढच्या भेटीत मुलीला एकटीला आत बोलावले. आठ-दहा वर्षांपुढील मुलाशी डॉक्टरने पाच मिनिटे एकट्याने बोलावे, हे मी फार उशिरा शिकले. पालकांनीही त्याचा राग मानू नये. मी तिला विचारले, "तुला हे सोडायचे आहे का? हो म्हणालीस तर मी तसे कागदावर लिहून देईन, आणि माझे कोणी मोडणार नाही."

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "खेळ नाही सोडायचा. बाबा तिथे उभा राहतो ना, ते नको."

वाचकहो, येथे पोटदुखीविषयी दोन शब्द सांगणे माझे कर्तव्य आहे, कारण हा लेख वाचून कोणी मुलाचे दुखणे 'मनाचे' म्हणून सोडून देऊ नये. जॉन अॅप्ली या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञाने १९५० च्या दशकात शाळकरी मुलांच्या वारंवार दुखणाऱ्या पोटाचा अभ्यास केला. दुखण्याची जागा बेंबीपासून जितकी दूर, तितकी शरीरात काही बिघाड असण्याची शक्यता अधिक, हे त्याचे निरीक्षण आम्ही अजूनही वापरतो. मूल रात्री झोपेतून दुखण्याने उठत असेल, वजन घटत असेल, वाढ खुंटली असेल, ताप असेल, वारंवार किंवा हिरवट उलट्या होत असतील, शौचावाटे रक्त जात असेल, लघवीला जळजळ होत असेल, तर वार मोजत बसू नये. नीट तपासण्या कराव्यात. यांपैकी काहीही नसेल, तपासणी निर्दोष असेल आणि दुखणे विशिष्ट प्रसंगाला धरून येत असेल, तर तो प्रसंग शोधावा. हे दुखणे ढोंग नव्हे. आतडे आणि मेंदू यांच्यात मज्जातंतूंची दुतर्फा वाहतूक सतत चालू असते. भीतीने आतड्यांची हालचाल बदलते, त्यांची संवेदना तीव्र होते. त्या मुलीचे पोट खरोखरच दुखत होते.

आणि भीती म्हणजे काय हे मला ठाऊक आहे. मी नऊ वर्षांची असताना आजोळी एका नातेवाइकाने मला विहिरीत टाकले. गावात पोहणे शिकवण्याची चांगली रीत होती. पाठीला सुका भोपळा किंवा पांगाऱ्याचे ओंडके बांधत, कोणी मोठा माणूस पाण्यात उतरे आणि मूल दोन-चार उन्हाळी सुट्ट्यांत आपोआप तरंगू लागे. परंतु त्या गृहस्थांना दोन-चार सुट्ट्या थांबायचे नव्हते. 'पडली की शिकते' असा त्यांचा सिद्धांत होता. मला वर काढले, सगळे हसले, मीही हसले. त्यानंतर मी पोहायला शिकले ते एक्केचाळिसाव्या वर्षी, तेही शिक्षिकेने पहिले तीन दिवस केवळ पायरीवर बसू दिले म्हणून. माझ्या पिढीतील अनेक वाचकांपाशी अशी एखादी विहीर असेल.

तर आता उपाय. मी त्या कुटुंबाला फेब्रुवारीत एका संध्याकाळी दवाखाना आटोपल्यावर बोलावले, आणि फरशीवर सतरंजीच्या दोन घड्या घातल्या. वॉटर स्टार्टची बैठक म्हणजे आपले उकिडवे बसणे. खेडेगावातील मूल दिवसातून दहा वेळा तसे बसते. खुर्ची, सोफा आणि कमोड यांवर वाढलेल्या मुलाचे घोटे आखडलेले असतात, टाचा जमिनीला टेकत नाहीत. म्हणून महिनाभर रोज पाच मिनिटे उकिडवे बसणे हाच मी पहिला व्यायाम सांगते. दुसरा व्यायाम प्रशिक्षकाने सुचवलेला. मुलाने उकिडवे बसायचे, हात पुढे सरळ ठेवून जाड पंचाचे एक टोक धरायचे. दुसरे टोक मोठ्या माणसाने धरून उभे राहायचे, तो पतंग. पंचा मनगटाला गुंडाळायचा नाही. मोठ्याने संथपणे, वाढत्या जोराने ओढायचे आणि मुलाने कोपर न वाकवता, गुडघे न ताठवता, स्वतःला उठवले जाऊ द्यायचे. उठायचे नाही, उठवले जायचे.

वडील पतंग झाले. मुलगी बसली. पंचा ताणला जाण्याच्या आधीच त्यांनी हिसका दिला आणि ती गुडघ्यांवर आली. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "बाबा, तू थांबतच नाहीस."

मग मी भूमिका बदलायला सांगितल्या. वडिलांना उकिडवे बसता येईना. टाचा उचललेल्या, एक हात माझ्या टेबलाच्या पायाला. कसेबसे बसले. मुलीने पंचा धरला, हळूहळू मागे सरत ताण दिला, आणि वडिलांनी सवयीने कोपर वाकवून पंचा स्वतःकडे ओढला. ते सरळ मागे, सतरंजीवर, पाठीवर. आई इतकी हसली की बाहेर औषधे आवरणाऱ्या माझ्या मदतनीस आत डोकावल्या. पाचव्या-सहाव्या वेळी ते उठले. उठल्यावर काही वेळ पंचाचे टोक हातात धरून तसेच उभे होते. मग मुलीला म्हणाले, "पुन्हा कर. मी सांगेपर्यंत नको, तुला वाटेल तेव्हा कर."

त्यांना मी तीन गोष्टी लिहून दिल्या, औषधाच्या चिठ्ठीवरच. वर्ग चालू असताना किनाऱ्यावर थांबायचे, कारण पाण्यातील मुलावर घरच्या माणसाची नजर हवीच; परंतु बसून थांबायचे, मोबाईल पिशवीत आणि हात खिशात. पाण्यातून आल्यावर "उठलीस का?" हा प्रश्न विचारायचा नाही, भूक लागली का, हे विचारायचे. आणि तासाभरानंतर, मूल कितीही 'अजून एकदा' म्हणाले तरी, फळी काढायला लावून शेवटची दहा मिनिटे नुसते पाण्यातून ओढले जाण्याचा खेळ खेळू द्यायचा. थकलेले शरीर चुकीचीच हालचाल पक्की करते, आणि दिवसाची शेवटची आठवण तोंडावर पडण्याची असू नये.

शरीराच्या बाजूने आणखी काही. कमरेचा पट्टा लहान मुलांना नीट बसत नाही. त्यांचे नितंब अरुंद असल्याने तो बरगड्यांवर सरकतो आणि श्वास कोंडतो. मांड्यांतून पट्टे जाणारा, बैठकीचा पट्टा मागून घ्यावा. ज्या मुलीने भार हातांवर घेतला होता, तिचा पट्टाही तसाच वर सरकत होता, हे प्रशिक्षकाने नंतर पाहिले. तोही खजील झाला. हेल्मेट आणि तरंगवणारे जॅकेट हवेच. मार लागू नये म्हणून घालतात ते प्रत्येक जॅकेट तरंगवतेच असे नाही, हे विचारून घ्यावे. फळी दोरीने पायाला किंवा पट्ट्याला बांधू देऊ नये. ती उसळून डोक्यावर येते. गोव्याचे पाणी उबदार असले तरी पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते, आणि ओल्या अंगावर वारा असतो. ओठ निळसर, दातखीळ, बोलणे अडखळते असे दिसले की वर्ग संपला. डोक्याला मार लागून चक्कर, मळमळ, गोंधळ झाला, तर त्या दिवशी पुन्हा पाण्यात जायचे नाही. पाणी नाकातोंडात जाऊन आलेला ठसका थांबत नसेल, श्वास जलद होत असेल, मूल मलूल दिसत असेल, तर घरी नेऊन झोपवू नये, रुग्णालयात न्यावे.

सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे सोडणे. दांडी सोडली की पतंगाची बरीचशी ओढ जाते. तेवढ्याने भागले नाही तर पट्ट्यावरील पहिली कळ ढकलायची. पतंग एकाच दोरीवर निस्तेज होऊन पडतो. तोही ओढत असेल तर दुसरी कळ, म्हणजे पतंगाचा संबंधच संपला. या दोन कळा मुलाला डोळे मिटून, डाव्या हाताने आणि उजव्या हाताने, वाळूवर वीस वेळा काढता आल्या पाहिजेत. महाग पतंग वाहून जाईल म्हणून कोणत्याही मुलाने कळ दाबायला कचरता कामा नये. 'पतंग गेला तर कोणी रागावणार नाही' हे वाक्य आईवडिलांनी स्वतःच्या तोंडाने, पैसे मोजण्यापूर्वी, म्हणावे. ज्या घरात हे वाक्य खरे नसेल, त्या घराला मी प्रमाणपत्र देत नाही.

प्रमाणपत्राच्या माझ्या इतर अटीही सांगून टाकते. मुलाने कशाचाही आधार न घेता शंभर मीटर पोहून आणि पाच मिनिटे उभ्याने तरंगून दाखवावे, शक्यतो माझ्यासमोर. दमा असेल तर तो आटोक्यात हवा आणि पंप किनाऱ्यावरील माणसाच्या खिशात. फिट येत असतील तर मज्जाविकारतज्ज्ञाच्या लेखी सल्ल्याशिवाय नाही. कानाच्या पडद्याला छिद्र असेल तर कानाच्या डॉक्टरांकडून आधी. आणि काही लपवू नये. मागील वर्षी एका गृहस्थांनी मुलाची फिट 'लहानपणी ताप चढला होता' एवढ्यावर उडवून लावली होती. सहा महिन्यांपूर्वीच ती पुन्हा येऊन गेली होती, हे मुलाने स्वतः सांगितले. वाऱ्याचेही पाहावे. समुद्राकडून तिरपा येणारा खारा वारा मुलाला अखेर किनाऱ्याला आणून टाकतो. जमिनीकडून समुद्राकडे वाहणाऱ्या मतलई वाऱ्यात मुलाला पतंग देणारा शिक्षक मिळाला, तर तेथून गाडी परत वळवावी. नदीच्या मुखापाशी ओहोटीचा प्रवाह बाहेर खेचतो; त्या दिवशीचे भरती-ओहोटीचे वेळापत्रक शिक्षकाला तोंडपाठ असले पाहिजे.

त्या मुलीची पोटदुखी पंचाच्या संध्याकाळनंतर तिसऱ्या शनिवारी आली नाही. तळवे मार्चमध्ये मऊ झाले. ती पाण्यातून उठली कधी, हे मला नेमके ठाऊक नाही, कारण उठल्याचा व्हिडिओ कोणापाशीच नाही. मोबाईल पिशवीत होता. प्रशिक्षक म्हणतो ती पंधरा मीटर गेली, वडील म्हणतात तीस. ती स्वतः सांगते की तिने मोजले नाही, आणि पडल्यावर पतंग वर होता का तेवढे पाहिले.

एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी, जेवणाच्या वेळी, आईचा घाबरा फोन आला. पोट पुन्हा दुखते आहे. मी ताबडतोब घेऊन यायला सांगितले. मुलगी आली, कळवळत होती, दुखणे बेंबीभोवती, ताप नाही. मी गंभीर चेहऱ्याने विचारले, "आज वर्ग आहे ना?"

"आहे," ती म्हणाली, "पण काल आम्ही शेजारच्या झाडाच्या कैऱ्या खाल्ल्या. मीठ लावून. मी सहा."

या वेळी मी औषध दिले, आणि वर्ग रविवारवर ढकलला.